पाणी चढू द्या

आमच्या हायस्कुलात ध्वनीचा धडा मी सोळा वर्षं शिकवला आणि त्यातली पहिली दहा वर्षं चुकीचा शिकवला. चूक पुस्तकात नव्हती, माझ्या डोक्यात होती. ती निघाली १९८१ च्या एप्रिलात, एका रविवारी. त्या दिवशी भिकू नावाचा माणूस सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत जमिनीच्या पोटात कोंडलेला होता आणि त्याच्या मरणावर मी जवळजवळ सही करून बसलो होतो. तेव्हा ही हकिकत सांगताना मी कुठं शहाणपणा दाखवू लागलो, तर वाचणाऱ्यानं मला खुशाल गप्प करावं.

भिकू विहिरी खणायचा. पोलादपूरहून उमरठकडं जाताना एक लहानसं गाव लागतं, तिथल्या बौद्धवाडीत त्याचं घर. अंगानं काटक, बोलणं बेतास बात, आणि उजव्या कानाच्या पाळीवर एक काळा घट्टा. तो पहारीचा. पहारीचं एक टोक खडकावर टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि बायकोला, सोनाबाईला, थोड्या अंतरावर घणाचा ठोका मारायला सांगायचं. मग डोळे मिटून ऐकायचं. ‘बोलका हाय’ म्हणाला तर खाली सलग कातळ. ‘बद्द हाय’ म्हणाला तर आत मऊ थर नाहीतर पोकळी. बद्दमध्येही त्याचे प्रकार होते. त्यातला एक ‘ओला बद्द’. तो लागला की भिकू उठून हात झटकायचा आणि म्हणायचा, “इथं खणा.”

हे कान त्याला कशेडी घाटानं दिले. तरुणपणी तो तिथं रस्त्याच्या कामावर, सुरुंग लावणाऱ्या टोळीत होता. दरड साफ करायच्या आधी वरच्या कड्याला ठोकून बघायचं आणि आवाज बद्द आला तर त्याखाली उभं राहायचं नाही, हा तिथला शिरस्ता. एकदा एका सोबत्यानं तो पाळला नाही. त्याचं नाव भिकू कधी घेत नसे.

घाट सोडून त्यानं विहिरी धरल्या. बारा-तेरा वर्षांत एकोणीस विहिरी, आणि एकही कोरडी गेली नाही. यातल्या किती विहिरींवर सोनाबाईला कळशी बुडवता येते, असं मी एकदा आगाऊपणानं विचारलं. तो हसला. “पाणी लागंपर्यंत सगळ्या आमच्याच की गुरुजी.” त्यानंतर मी हा विषय काढला नाही. काढायला हवा होता.

त्याची माझी ओळख झाली ती सर्व्हेवाल्यांमुळं. १९७९ साली भूजलाचं सर्वेक्षण करणारी एक तुकडी आमच्या शाळेच्या दोन खोल्यांत उतरली होती. रानात लोखंडी ताट ठेवायचं, त्यावर घण मारायचा, ओळीनं खोचलेल्या लहान लहान डब्यांना तारा जोडायच्या, आणि त्या तारा एका पेटीत जाऊन कागदावर रेघ थरथरवायच्या. घण मारायला त्यांनी भिकूला लावलं. तुकडीच्या साहेबांनी मला समजावून सांगितलं की एक थर संपून वेगळा थर सुरू होतो तिथं आवाज थोडा मागं फिरतो आणि थोडा पुढं जातो. दोन थर जितके निराळे, तितका जास्त मागं फिरतो. मी मान डोलावली. भिकू घण खाली ठेवून म्हणाला, “तेच तर. भेगंत पाणी असलं तर आवाज बराचसा पलीकडं जातो. भेगंत वारा असला तर सगळाच्या सगळा माघारी.”

साहेब आधी हसले. चौथ्या दिवशी मात्र कागद पेटीतून बाहेर यायच्या आत भिकूनं थर सांगितले आणि कागदानं तेच सांगितलं, तेव्हा त्यांचं हसू गेलं. अकरा दिवसांनी जाताना ते म्हणाले, अर्ज कर, तुझ्यासारखा माणूस आम्हाला पाहिजे. मी हौसेनं अर्ज लिहिला. उत्तर आलं की पदासाठी किमान सातवी पास लागते. भिकू चौथी. पुन्हा लिहिला, त्याला उत्तरही आलं नाही. त्याला इथून सुटायचं होतं. विहिरीच्या तळाशी उतरलं की वर आभाळाचा ताटाएवढा तुकडा दिसतो, तेवढाच बघत चाळिशी आली, असं तो म्हणायचा. उत्तराचा तो कागद त्यानं चौघडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि महिपती नावाच्या शेतकऱ्याची विहीर खणायला घेतली. ती विसावी.

ती विहीर हट्टी निघाली. वर माती, मग मुरूम, मग फुटका काळा दगड, त्याखाली हातभर उंचीचा तांबडा मऊ थर आणि खाली पुन्हा काळा दगड. पस्तीस फूट गेले तरी तळाला नुसती ओल. भिकूनं त्या तांबड्या थराला पहार लावली आणि ओला बद्द आवाज ऐकला. पाणी खाली नव्हतं, बाजूला होतं. म्हणून त्यानं तळापासून वीतभर उंचीवर, वरच्या अंगाला किंचित चढता असा आडवा बोगदा कोरायला घेतला. रांगत आत जाता येईल इतकाच. पंधरा दिवसांत तो बारा फुटांवर गेला.

आता त्यांची एक खूण सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विहिरीत उतरलेला माणूस पहारीनं ठोके देतो. एक म्हणजे थांबा. दोन म्हणजे वर ओढा. तीन म्हणजे मी बरा आहे. वरच्यानंही तीनच देऊन उत्तर द्यायचं.

त्या रविवारी मी सवडीनं दहाच्या सुमाराला पोचलो तो विहिरीवर गलका. माती वर ओढायची यारी उभी होती आणि तिच्याशी हैबती होता, भिकूचा जुना जोडीदार. त्यानं सांगितलं ते असं, की नऊ वाजता आतून पाणी फुटलं आणि त्या धक्क्यानं बोगद्याचं तोंड ढासळलं. भिकू आत. ढिगाऱ्यातून पाणी विहिरीत झिरपत होतं आणि भराभर चढत होतं. पण ठोके येत होते. सोनाबाई कमरेभर पाण्यात उभी राहून पहार कानाला लावून होती. तीन ठोके. जरा वेळ. पुन्हा तीन.

विहिरीत माणूस अडकला की आमच्याकडं सगळ्यांना पहिलं एकच सुचतं, पाणी उपसा. त्यात चूक कुणाला वाटणार? महिपती मनाचा चांगला माणूस. त्यानं आपल्या दुसऱ्या विहिरीवरचं डिझेल इंजिन दहा माणसांच्या खांद्यावर आणवलं. सोनाबाईला वर काढलं. बारा वाजता महिपतीनं स्वतः हँडल मारलं, इंजिन धडधडू लागलं आणि पाणी उतरू लागलं. ढिगारा उघडा पडला तेव्हा लोकांनी देवाचं नाव घेतलं.

दीड वाजता ऐकण्यासाठी इंजिन थांबवलं. ठोके नव्हते.

हैबती खाली गेला, ऐकून वर आला. मग सगळे माझ्याकडं बघू लागले. शिकलेला मी एकटा. मला यारीनं खाली सोडलं. मी पहार ढिगाऱ्याला लावली, दगडाला लावली, दहा ठिकाणी लावली. काही नाही. वरून तांबडी माती भुरभुर माझ्या मानेवर पडत होती आणि खरं सांगतो, मला तिथून निघायची घाई झाली होती.

वर आलो आणि म्हणालो, “आवाज नाही.”

सोनाबाई म्हणाली, “कसा येल? पाणी काढलात तुम्ही. आता मधी वारा शिरला. इंजिन लावू नका महिपतदादा, पाणी चढू द्या.”

लोकांना वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. ज्या पाण्यात नवरा बुडायचा तेच पाणी ती परत मागत होती. आणि तिथं मी तोंड उघडलं. मी धडा म्हणून दाखवला. ध्वनी वायूतून जातो त्यापेक्षा द्रवातून चांगला जातो, द्रवापेक्षा घनातून चांगला. पाणी गेलं म्हणजे नुसता दगड उरला. मग ठोके आता जास्त स्पष्ट यायला हवेत. येत नाहीत, याचा अर्थ...

अर्थ मी पुरा सांगितला नाही. सगळ्यांना कळला. हैबतीनं डोक्याचं फडकं काढलं. तो म्हणाला, वरचा थर गळतोय. जिता माणूस असता तर मी आत्ता उतरलो असतो. मयतासाठी आणखी तीन माणसं गाडायची नाहीत. उद्या लाकडाचे टेकू आणू, मग काढू. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, भिकू मेला असं धरलं तर.

आत काय चाललं होतं ते भिकूनं मला पुढं महिनाभरानं सांगितलं. ते इथंच सांगतो.

पाणी फुटलं तेव्हा त्याचा दिवा विझला. बोगदा आतल्या बाजूला चढता, म्हणून त्याच्या टोकाला वारा कोंडून राहिला होता आणि तो त्या वाऱ्यात छातीभर पाण्यात बसला होता. पाय लांब करता येत नव्हते, मान सरळ होत नव्हती. ओरडून उपयोग नाही हे त्याला माहीत होतं, घसा आणि वारा दोन्ही जपायचे होते. हातात आखूड पहार होती. तीन ठोके दिले की पाण्यातून, दगडातून तीन ठोके परत यायचे. ते सोनाबाईचे, हे त्याला तिच्या मारण्यावरून कळत होतं. ती तिसरा ठोका नेहमी जरा उशिरा मारते.

मग ठोके थांबले आणि इंजिनाची धडधड त्याच्या पाठीला लागली. त्याला बरं वाटलं. पाणी छातीवरून पोटावर आलं, पोटावरून मांडीवर. आणि मग धडधड बंद झाली. इंजिन बिघडलं, असं त्याला वाटलं. पण पाण्यात हात घालून बघितलं तर पाणी उतरतच होतं.

“तवा मला उमगलं गुरुजी. इंजिन चालू हाय आन् त्याचा आवाज माझ्याकडं येत नाय. मंग माझा तिकडं कसा जाईल?”

त्यानं पहार मारली. दणका त्याच्याच कानांत बसला. सकाळी जो ठोका दबका वाटायचा तो आता नुसता दणाणत होता, कारण बाहेर काही जातच नव्हतं, सगळं फिरून त्याच्याच अंगावर येत होतं. तो जितक्या जोरानं मारी तितका आवाज मोठा होई, आणि जितका मोठा होई तितकं त्याला कळून चुके की वर कुणाला काही ऐकू येत नाही. ढिगाऱ्याच्या दगडांमध्ये वारा, फुटक्या कातळाच्या भेगांमध्ये वारा. हीच गोष्ट त्यानं आम्हाला शिकवली होती आणि आता तो तिच्याच आत बसला होता. वरचे लोक आपल्याला मेला समजतील हे त्याला दिसत होतं. हैबती काय म्हणेल तेही त्यानं ओळखलं होतं, शब्दाला शब्द. त्यानं ठोके थांबवले. मला म्हणाला, आपलाच आवाज सोसवत नव्हता.

वर इंजिन पुन्हा चालू झालं होतं, विहीर उद्यापर्यंत कोरडी ठेवायला. माणसं सावलीला सरली होती. मी बांधावर बसून चहाचा कप हातात धरला होता, तो कुणी दिला आठवत नाही. सोनाबाई उठली. ती इंजिनापाशी गेली आणि तिनं ते बंद केलं. हँडल तिथंच पडलेलं होतं. ते तिनं उचललं, पदर खोचला आणि यारीच्या दोराला हात घातला.

“हैबतीदादा, मला खाली सोडा. बघू द्या एकदा.”

नवऱ्याचं शेवटचं बघायचं असेल, असं हैबतीला वाटलं. त्यानं सोडलं. तळाला पोचल्यावर तिनं वर बघितलं आणि हँडल दाखवलं.

“हे माझ्यापाशी हाय. आता पाणी चढंल.”

महिपतीनं वरून विनवलं, मग दटावलं. हँडलाशिवाय इंजिन लागत नाही, आणि ते आणायला खाली उतरून एका बाईच्या हातातून हिसकावून घ्यायला कुणी तयार होईना. मीही वाकून ओरडलो, “सोनाबाई, पाणी वाढलं आणि तो असला तर बुडेल!” ती वर न बघता म्हणाली, “असला तर म्हणता ना गुरुजी? मंग असंल असं धरा की.”

पाणी तिच्या घोट्यांवर आलं. अर्ध्या तासात गुडघ्यांवर. ती ढिगाऱ्याला टेकून तशीच उभी. विहिरीच्या काठावर पंचवीस-तीस माणसं वाकून बघत होती. आम्ही सगळे मोकळ्या रानात उभे होतो, आणि तरी मला दम कोंडल्यासारखं झालं होतं. ती चुकली तर मी बरोबर ठरणार होतो. मी बरोबर ठरू नये म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा नवस बोललो.

पाणी कमरेवर आलं. ढिगारा जवळजवळ बुडाला. तिनं हँडलाचं एक टोक पाण्याखाली कातळावर धरलं, वाकून दुसरं कानाला लावलं.

आत भिकूच्या पायांना पाणी लागलं होतं. ते मांडीवर आलं तेव्हा तो घाबरला. इंजिन खरंच बिघडलं म्हणायचं आणि आपण बुडून मरायचं. पोटावर आलं तेव्हा, काही आशा म्हणून नव्हे, त्यानं एक ठोका मारला. ठोका दबका आला.

“गुरुजी, तो दबका आवाज ऐकला आन् मी रडलो. म्हनलं, सोनीनं इंजिन बंद केलं. दुसऱ्या कुनाला सुचनार नाय ते.”

त्यानं तीन ठोके दिले.

वरून आम्हाला एवढंच दिसलं, की सोनाबाई एकदम ताठ झाली. मग तिनं हँडलानं कातळावर मारलं, एक, दोन, आणि जरा थांबून तीन. पुन्हा कान लावला. वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा ओला होता. ती ओरडली नाही. “हायत,” म्हणाली.

हैबती तोवर दोराला लोंबकळत निम्म्यावर पोचलाही होता. मग जे झालं ते झटपट झालं. हँडल वर आलं, इंजिन लागलं. महिपतीनं गोठ्याचे वासे काढून टेकू केले. ठोके कुठून जोरात आले ते सोनाबाईनं बोटानं दाखवलं आणि चौघांनी आळीपाळीनं त्या बाजूनं ढिगारा फोडला. मीही पाट्या ओढल्या. हाताला फोड आले, ते कुणाला दाखवण्याजोगे नव्हते. दिवस मावळायच्या आत भिकूचा हात बाहेर आला, मग डोकं. सोनाबाईनं पदरानं त्याचे कान पुसले, आधी उजवा, मग डावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाई कळशी घेऊन त्याच विहिरीवर गेली. काठावर बायका होत्या. दोघी मागं सरल्या, बाकीच्यांनी जागा केली. महिपतीनं तिथल्या तिथं सांगितलं की ही बाई या विहिरीवर कधीही येईल.

भिकू पुन्हा विहिरीत उतरला नाही. वरून ऐकून जागा सांगायचा, खणायचे दुसरे. पण कोंडलेपण त्याच्यातून गेलं नाही. बंद खोलीत त्याला बोलता येत नसे. चार भिंतींत आपला आवाज घुमला की तो मध्येच थांबायचा आणि उठून बाहेर जायचा. झोपायचाही पडवीत. डॉक्टर कान तपासून म्हणाले, कान उत्तम आहेत.

जुलैत मी त्याला शाळेत बोलावलं. आठवीला ध्वनीचा धडा होता आणि तो शिकवायला मला तोंड नव्हतं. तो नको म्हणत होता, सोनाबाईनं आणला. ती दाराबाहेरच थांबली. आमचा वर्ग दगडी भिंतींचा, मोठा, घुमणारा. मुलांना मी सांगितलं की पुस्तकात एक वाक्य कमी आहे, ते हे सांगणार आहेत.

भिकू फळ्यापाशी उभा राहिला. “पोरांनो, आवाज जातो आन् मागं फिरतो,” असं म्हणाला, आणि त्याचाच आवाज भिंतींवरून त्याच्या कानांवर आला. तो थांबला. चेहऱ्याचा रंग उतरला. चाळीस मुलं समोर बसलेली आणि त्याला जणू कुणीच दिसत नव्हतं. तो माझ्याकडं वळला आणि त्यानं अगदी हळू विचारलं,

“गुरुजी, भायेर ऐकू जातंय ना?”

त्या दिवशी विहिरीवर मी जे सांगितलं होतं ते मला आठवलं. आता त्याला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं.

दाराच्या चौकटीवर ठोका पडला. मग दुसरा. आणि जरा उशिरा, तिसरा.

भिकूनं श्वास सोडला, खडू उचलला आणि फळ्यावर थर काढायला लागला.